घोरणें : गाढ झोप कीं व्याधि ?

पाठ टेकतांच ज्यांच्या घोरण्यानें माजघर दणाणूं लागतें, असे एखादे काका किंवा आजोबा बहुतेक एकत्र कुटुंबांत असतात. मुलें हंसतात, सुना तोंडाला पदर लावतात आणि "काय गाढ झोप ही !" असें म्हणून मंडळी स्वस्थ होतात. परंतु मोठ्यानें घोरणें हें नेहमींच सुखनिद्रेचें लक्षण नसतें, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

कांहीं माणसांच्या घशांतील स्नायु झोपेंत सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती हालते, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, कधीं त्याहूनहि अधिक, असें चालतें. रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदु दचकून जागा होतो आणि गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हां सुरू होतो. रात्रींतून हें शेंकडों वेळां घडलें तरी निजणारास त्याची आठवण राहत नाहीं. यासच ' स्लीप ॲप्निया ' म्हणतात. रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशीं त्याचा निकट संबंध आहे. मोटार हांकतांना डुलकी लागून अपघातहि होतात.

हा विकार विरळा नाहीं. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईंतील पाहणींत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकीं १९.५ टक्क्यांच्या निद्रेंतील श्वासांत बिघाड आढळला; ७.५ टक्क्यांना त्याजबरोबर दिवसां पेंगहि येत होती. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील १९९७ सालची पाहणी सांगते कीं, मध्यम व तीव्र विकार असलेल्या पुरुषांपैकीं ८२ व स्त्रियांपैकीं ९३ टक्क्यांचें निदानच झालेलें नव्हतें !

असें कां व्हावें ? रोगी निजलेला, म्हणून त्याला ठाऊक नाहीं. आणि डॉक्टर पुष्कळदां झोपेविषयीं विचारीत नाहींत. वैद्यकीय शिक्षणांत निद्रेच्या वांट्यास फार थोडे तास येतात. थकवा सांगितला तर रक्त तपासतात, रक्तदाब न उतरला तर गोळी वाढवितात. स्त्रियांची तर डोकेदुखी व मरगळ काळजीच्या किंवा वयाच्या माथीं मारली जाते.

उपाय मात्र आहेत. वजन उतरविणें, कुशीवर निजणें, मद्य वर्ज्य करणें हे साधे. आणि १९८१ सालीं सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनीं पुढें आणलेलें, मुखवट्यांतून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारें यंत्र हा मोठा.

या रोगाचा खरा साक्षीदार शेजारीं जागी असलेली गृहिणीच होय. म्हणून डॉक्टरांकडे जातांना तिला बरोबर न्यावें, आणि तिनेंहि संकोच न करतां सांगावें, "यांचा श्वास रात्रीं थांबतो." तिच्या या एका वाक्यानें निदानाची वाट मोकळी होईल.