विश्लेषण : मित्रांसोबत इटलीला निघालात? व्हेनिस, रोम, फ्लॉरेन्समध्ये घोळक्याने फिरण्याचे नियम का बदलले?

सहा-आठ मित्र-मैत्रिणींनी मिळून आठवडाभरात रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून यायचे, हा बेत आता आपल्याकडेही नवा राहिलेला नाही. मात्र गेल्या तीन-चार वर्षांत या तिन्ही शहरांनी पर्यटकांसाठीचे नियम बरेच बदलले आहेत. एकाने सगळ्यांची तिकिटे काढायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून चालायचे, ही पद्धत तिथे आता पुरेशी नाही. कुठे शहरात शिरण्यासाठीच शुल्क आहे, कुठे प्रत्येकाच्या नावाचे तिकीट लागते, तर कुठे गटातील माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे. हे नियम का आले, त्यांचा उपयोग होतो आहे का आणि मित्रांच्या गटाने काय लक्षात ठेवावे, याविषयी...

व्हेनिसचे प्रवेश शुल्क काय आहे?

व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी शहरात येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. महापौर लुइगी ब्रुन्यारो यांच्या कारकिर्दीत हा निर्णय अमलात आला. पहिल्या वर्षी २९ दिवस हे शुल्क होते आणि त्याची रक्कम माणशी ५ युरो होती. २०२५ मध्ये दिवस वाढवून ५४ करण्यात आले, तर २०२६ साठी एप्रिल ते जुलैदरम्यानचे ६० दिवस निश्चित करण्यात आले. यात प्रामुख्याने शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीचे दिवस येतात.

२०२५ पासून शुल्काचे दोन दर आहेत. किमान चार दिवस आधी पैसे भरले तर ५ युरो, त्यानंतर भरले तर १० युरो. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत शहरात येणाऱ्यांनाच ते लागू आहे. पैसे भरल्यावर मोबाइलवर क्यूआर कोड येतो आणि रेल्वे स्थानकाबाहेर किंवा इतर प्रवेशाच्या ठिकाणी तो तपासला जाऊ शकतो. कोड नसेल तर ५० ते ३०० युरो दंडाची तरतूद आहे.

यातून सूट कोणाला?

व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क नाही, कारण ते हॉटेलमध्ये दर रात्रीचा पर्यटन कर भरतच असतात. समुद्राच्या अलीकडचे, मुख्य भूमीवरील मेस्त्रे हे उपनगरही याच महापालिकेत येते. त्यामुळे स्वस्त म्हणून मेस्त्रेत राहणाऱ्या गटालाही शुल्क माफ आहे. मात्र सूट आपोआप मिळत नाही. संकेतस्थळावर नोंदणी करून सवलतीचा क्यूआर कोड घ्यावा लागतो. १४ वर्षांखालील मुलांनाही सूट आहे. मुरानो, बुरानो, लिडो या बेटांवर थेट गेल्यास प्रवेश शुल्क नाही.

थोडक्यात, सकाळी फ्लॉरेन्सहून रेल्वेने येऊन संध्याकाळी परतणारा मित्रांचा गट शुल्काच्या कक्षेत येतो आणि एक रात्र राहणारा गट येत नाही. शुल्काचा रोख नेमका दिवसभरासाठी येणाऱ्यांवर आहे.

गटात २५ जणांचीच मर्यादा कशासाठी?

व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत. माणसे चालतात किंवा बोटीने जातात. अनेक गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की दोन माणसांना एकमेकांच्या बाजूने जाताना अंग चोरावे लागते. शहरातील चारशेहून अधिक पूल हेच रहिवाशांचे रोजचे रस्ते आहेत. भाजीची पिशवी घेऊन निघालेली आजी असो की शाळेत निघालेले मूल, पुलावर चाळीस-पन्नास जणांचा घोळका माहिती ऐकत उभा राहिला, की सगळ्यांचीच वाट अडते.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यापासून मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या गटात २५ पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. ध्वनिवर्धकाच्या वापरावर बंदी आहे. अरुंद गल्लीत, पुलावर किंवा रहदारीच्या ठिकाणी थांबून माहिती देता येत नाही. मुरानो आणि बुरानो बेटांवरही हा नियम आहे. तो मोडल्यास २५ ते ५०० युरो दंड होऊ शकतो. सहा-आठ मित्रांना या मर्यादेची अडचण नाही. महाराष्ट्रातून बसभर प्रवासी घेऊन जाणाऱ्या सहलींना मात्र शहरात शिरताना दोन गट करावे लागतात. पुलावर रेंगाळून पंधरा मिनिटे छायाचित्रे काढण्याची सवय मात्र गट कितीही लहान असला तरी इतरांना त्रासदायकच ठरते.

शहराला इतकी धास्ती का?

याचे उत्तर पर्यटकांपेक्षा रहिवाशांच्या संख्येत आहे. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे १ लाख ७५ हजार लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून एक आकडा लावलेला आहे. तो शहरात उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखवतो. पर्यटकांसाठीच्या खाटांची संख्या २०२३ मध्ये रहिवाशांच्या संख्येपेक्षा जास्त झाली, तेव्हा एका पुस्तकांच्या दुकानात खाटांचा आकडाही झळकू लागला.

घर रहिवाशाला वर्षभर भाड्याने देण्यापेक्षा पर्यटकांना दोन-दोन रात्रींसाठी देणे मालकाला परवडते. मग भाडी वाढतात, तरुण कुटुंबे मुख्य भूमीवर जातात, किराणा दुकानाच्या जागी मुखवटे आणि चुंबक विकणारे दुकान येते. दिवसभरासाठी येणारा पर्यटक शहरात फारसे पैसे खर्च करत नाही. पण त्याचा कचरा उचलावाच लागतो आणि इथे तो हातगाडी व बोटीनेच उचलला जातो. हा खर्च उरलेल्या रहिवाशांवर पडतो, असे महापालिकेचे म्हणणे आहे.

व्हेनिस १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याचा समावेश धोक्यातील वारसा स्थळांमध्ये करावा, अशी शिफारस २०२१ आणि २०२३ मध्ये झाली होती. दोन्ही वेळा ती नामुष्की टळली. २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाण्यास बंदी झाली. प्रवेश शुल्काला महापालिकेने अंतिम मंजुरी दिली ती २०२३ मध्ये, युनेस्कोच्या बैठकीच्या तोंडावर.

मग गर्दी कमी झाली का?

याविषयी मतभेद आहेत. २०२४ च्या २९ दिवसांत सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी शुल्क भरले आणि २४ लाख युरोंहून अधिक रक्कम जमा झाली. २०२५ च्या ५४ दिवसांत सुमारे ७ लाख २० हजार जणांनी पैसे भरले आणि जमा रक्कम ५४ लाख युरोंपर्यंत गेली. दिवसाची सरासरी काढली, तर पहिल्या वर्षी साडेसोळा हजारांहून अधिक आणि दुसऱ्या वर्षी साडेतेरा हजारांच्या आत, असे चित्र दिसते. त्यावरून शुल्कामुळे गर्दी घटली असा दावा करणे सोपे आहे. पण दुसऱ्या वर्षी दिवसच जास्त होते आणि त्यात कमी गर्दीचे दिवसही आले. त्यामुळे ही तुलना पुरेशी नाही.

टीकाकारांचा मुद्दा वेगळा आहे. विमानाचे तिकीट काढून युरोपात आलेला माणूस ५ किंवा १० युरोंसाठी व्हेनिस टाळणार नाही. शुल्कामुळे शहराचे रूप तिकीट काढून पाहायच्या संग्रहालयासारखे होते आणि घरांचा मूळ प्रश्न तसाच राहतो. समर्थक म्हणतात, की कोणत्या दिवशी किती लोक येणार याचा अंदाज आधीच मिळणे हाही फायदा आहे. एक मात्र खरे, की शुल्काने व्हेनिसला पैसे आणि माहिती दिली. रहिवासी परत आणून दिलेले नाहीत.

रोम आणि फ्लॉरेन्समध्ये काय बदलले?

रोममध्ये कोलोसियमचे तिकीट ऑक्टोबर २०२३ पासून नावाचे झाले आहे. प्रवेशाच्या वेळी ओळखपत्राशी नाव जुळावे लागते. काही कंपन्या संगणक प्रणाली वापरून मोठ्या संख्येने तिकिटे उचलत आणि चढ्या दराने विकत. याच प्रकरणात इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये तिकीट विक्री सांभाळणारी संस्था आणि काही पर्यटन कंपन्यांना मिळून सुमारे २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. गटातल्या एखाद्याचे येणे रद्द झाले, तर त्याचे तिकीट ऐनवेळी दुसऱ्याला वापरता येईल, असे धरून चालू नये.

पँथिऑन पाहण्यासाठी जुलै २०२३ पासून ५ युरो लागतात. ट्रेव्ही कारंज्याच्या अगदी काठापर्यंत जाण्यासाठी फेब्रुवारी २०२६ पासून पर्यटकांना २ युरो मोजावे लागतात; चौकातून ते पाहणे मोफतच आहे. ‘स्पॅनिश स्टेप्स’ या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे.

फ्लॉरेन्सने २०२३ मध्ये जुन्या शहरात पर्यटकांसाठी अल्पमुदतीच्या नव्या भाड्याच्या घरांवर निर्बंध आणले. घरांच्या दाराबाहेर लटकणाऱ्या, किल्ली ठेवण्याच्या पेट्यांवरही २०२५ मध्ये बंदी घातली. इटलीत मुक्कामाला असलेल्या प्रत्येक पाहुण्याची नोंद घरमालकाला किंवा हॉटेलला पोलिसांच्या प्रणालीत करावी लागते. त्यामुळे ज्याने घर आरक्षित केले त्याचाच नव्हे, तर सगळ्यांचा पासपोर्ट दाखवावा लागतो.

मित्रांच्या गटाला खर्चाचे गणित कसे बदलते?

एक युरो साधारण शंभर रुपयांच्या घरात धरला, तर सहा मित्रांना व्हेनिसमध्ये शिरण्यासाठी वेळेत पैसे भरल्यास तीन हजार रुपये आणि उशीर केल्यास सहा हजार रुपये लागतात. गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. हा दर माणशी नसून बोटीचा असतो. मात्र २०२० मध्ये गोंडोलात बसणाऱ्यांची कमाल संख्या सहावरून पाच करण्यात आली. पर्यटकांचे वाढलेले वजन हे त्याचे एक कारण गोंडोला चालकांच्या संघटनेने तेव्हा सांगितले होते. म्हणजे पाच मित्रांना माणशी १८ युरो पडतात. पण सहावा आला की दोन बोटी आणि एकूण १८० युरो. केवळ ग्रँड कॅनॉल ओलांडायचा असेल, तर ‘त्राघेत्तो’ ही साधी, सामायिक बोट २ युरोंत पलीकडे नेते.

मोटार भाड्याने घेणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरीची सूचना. फ्लॉरेन्स आणि रोमच्या जुन्या भागांत परवान्याशिवाय वाहन नेण्यास बंदी असून त्यावर कॅमेऱ्यांची नजर असते. दंडाची नोटीस अनेकदा काही महिन्यांनी, घरी परतल्यावर पोहोचते.

मग गटाने जावे कसे?

व्हेनिससाठी एक रात्र राखून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. त्यात प्रवेश शुल्क वाचते आणि दिवसाची गर्दी ओसरल्यावरचे शहर पाहायला मिळते. मुक्काम शक्य नसेल तर शुल्क नसलेला आठवड्यातील मधला दिवस निवडता येतो किंवा दुपारी चारनंतर पोहोचता येते. तिकिटे काढण्याचे काम एकाने करावे, पण प्रत्येकाचे नाव पासपोर्टप्रमाणे असावे आणि क्यूआर कोड ज्याचा त्याच्या मोबाइलमध्ये असावा. गटप्रमुखाच्या मोबाइलची बॅटरी संपली म्हणून सात जण दाराशी अडकणे परवडणारे नाही.

सर्वांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे, हा आग्रहही थोडा सैल करायला हरकत नाही. दोघे-तिघे एका गल्लीतून, बाकीचे दुसऱ्या गल्लीतून आणि जेवायला पुन्हा एकत्र, अशी वाटणी केल्यास मित्रांनाही मोकळे फिरता येते आणि त्या गल्लीतून रोज घरी जाणाऱ्याची वाटही मोकळी राहते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेण्याआधी ते नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. इटलीत अशा घरांना राष्ट्रीय नोंदणी क्रमांक घेणे आणि तो जाहिरातीत दाखवणे बंधनकारक आहे. ज्या शहरात राहायला घर मिळत नाही म्हणून रहिवासी बाहेर पडत आहेत, तिथे निदान आपला मुक्काम बेकायदा घरात होऊ नये, एवढे तरी पर्यटकाच्या हातात आहे.