पाय वाढला, पण उडी?

21 जुलै 1963, मॉस्को. उंचउडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल 2.28 मीटर उंच उडला. गड्याची स्वतःची उंची 1.85 मीटर! दोन वर्षांत त्याने जागतिक विक्रम सहा वेळा मोडला, पैकी पाच वेळा स्वतःचाच. पुढच्या वर्षी टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण. आणि ऑक्टोबर 1965 मध्ये मोटारसायकलचा अपघात. गाडी तो चालवतही नव्हता, मागे बसला होता. उजव्या पायाचा चुराडा झाला. तीन वर्षं ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, तरी पाय आखूडच राहिला.

मग 1968 मध्ये तो गेला सायबेरियातल्या कुर्गानला, डॉ. गावरिल इलिझारोव यांच्याकडे. या डॉक्टरांचं यंत्र म्हणजे पायाभोवती लोखंडी कड्या, हाडातून आरपार ताणलेल्या बारीक तारा आणि नटबोल्ट. (सुरुवातीच्या यंत्रात सायकलचे सुटे भाग वापरले होते, असं सांगतात.) हाड कापायचं आणि नट रोज चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचा. एका पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. मधल्या फटीत नवं हाड धरतं. घाई केली तर धरत नाही, फार रेंगाळलात तर आधीच जुळून बसतं.

ब्रुमेलचा पाय असा सुमारे साडेतीन सेंटीमीटर वाढला. नुसतं ताणायलाच महिन्याहून जास्त, आणि नवं हाड पक्कं व्हायला सेंटीमीटरमागे साधारण महिना-दीड महिना.

यात पेशंटला पलंगावर पडून राहायची मुभा नाही. यंत्र पायात असतानाच चालायचं, कारण भार पडला की हाड चांगलं धरतं.

खरी कटकट हाडाची नाहीच, पोटरीची आहे. ताण मिळाला की स्नायूही लांब होतो, पण हाडासारखा बिनतक्रार नाही. पोटरी आखडते, घोटा वर वळत नाही, टाच जमिनीला टेकत नाही. उडीला तर पोटरी, टाचेची शीर आणि घोट्याचा जोर लागतोच! म्हणून फिजिओथेरपी हा उपचाराचा शेपटीला जोडलेला भाग नव्हे, अर्धा उपचार तोच.

कुर्गानला आणखी कोण कोण गेलं? हाताच्या दुखण्यासाठी संगीतकार शोस्ताकोविच, 1970 मध्ये. आणि 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी. 1958 मध्ये साथीदार बोनात्तीबरोबर गाशेरब्रुम-4 शिखर पहिल्यांदा सर करणारा हा माणूस पुढे स्कीइंग करताना पाय मोडून लंगडा झाला होता. तो बरा होऊन परतला तेव्हा इटलीच्या डॉक्टरांचे डोळे विस्फारले आणि पुढच्याच वर्षी इलिझारोव यांना तिथे भाषणाला बोलावणं गेलं. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत पोचली ती या गिर्यारोहकाच्या पायाने!

आता यंत्र हाडाच्या आतही बसतं. चुंबकावर चालणारा खिळा असतो, बाहेरून रिमोट लावला की लांबतो. पण वेग तोच, दिवसाला एक मिलिमीटरच्या आसपास. पोटरीला रिमोट नाही.

ब्रुमेल पुन्हा उडला का? उडला, आणि दोन मीटरच्याही वर. मोडक्या पायाने ही कमाल आहे, पण 2.28 कधीच परत आलं नाही. तोही जगज्जेत्या खेळाडूचा, मुळात आखूड झालेला पाय होता. तेव्हा याच तंत्राने केवळ उंची वाढवायला धडधाकट पायाचं हाड कापून घ्यायला निघालेल्यांनो, डॉक्टरांना ‘किती इंच वाढेल?’ नंतर विचारा. ‘पळता कधी येईल, आणि आधीसारखं येईल का?’ हे आधी.