फोर व्हील लागत नाही? मॉड्यूल बदलण्याआधी

पावसाळ्यात गगनबावडामार्गे कोकणात कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या काही व्यापारी बंधूंकडे आता बटणावर फोर व्हील लागणारी पिकअप असते. इसुझू व्ही-क्रॉसमध्ये असे गोल बटण आहे. ते फिरवले की कंट्रोल मॉड्यूल ट्रान्सफर केसवरच्या मोटारीला हुकूम देते. दिवा क्षणभर लुकलुकणे ठीक. लुकलुकतच राहिला की मिस्त्री म्हणतो, 'मॉड्यूल गेले!'

खर्च हजारोंचा, आणि विजेचा सुटा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून आधी तसल्ली करावी. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग पाहावे, स्कॅनरवरचा कोड लिहून घ्यावा. मोटार गाडीखाली चिखलात असते. आपल्याकडच्या पावसाने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. बहुतेक वेळा शक तिथेच घ्यावा. मॉड्यूलपर्यंत वीज येते, बटणाचा इशाराही पोचतो, वायर-मोटार शाबूत आहे, तरी पुढे वीज जात नाही, तेव्हाच मॉड्यूल दोषी धरावे.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, पार्ट नंबर जुळवावा. काही मॉड्यूलांचे स्कॅनरने प्रोग्रॅमिंग करावे लागते. भंगारातले घेताना हे आधी विचारावे. चाचणी कच्च्या रस्त्यावरच घ्यावी. कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळण घेतले तर गिअरवर ताण येतो.