गृत्समदांचे मागणे आणि घरची वही

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की कर्जत-खालापूरच्या पंचक्रोशीतील वाटा महडकडे वळू लागतात. अष्टविनायकांपैकी श्रीवरदविनायकाचे हे क्षेत्र. सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली येथे मंदिर उभारले. येथील नंदादीप १८९२ सालापासून अखंड तेवत आहे, असे परंपरा सांगते. या दैवतासमोर कीर्तनास उभे राहून आम्हांस कैक वर्षे झाली. आरती होते, प्रसाद वाटला जातो, मंडळी उठतात. पण कोणी एक गृहस्थ मागे रेंगाळतो. आसपास कोणी नाही असे पाहून तो जवळ येतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "बुवा, ऋणमोचनाच्या स्तोत्राची आवर्तने किती करावीत?"

हा प्रश्न स्तोत्राचा नसतो, हे आम्ही जाणतो. घरावर कर्ज आहे, ते कोणाला सांगता येत नाही, आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एवढे सारे त्या एका प्रश्नात असते. आम्ही जाणतो, कारण एकेकाळी हाच प्रश्न आम्ही स्वतःस विचारीत होतो. म्हणून यंदाच्या उत्सवानिमित्त त्या गृहस्थास द्यावयाचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे, असे मनात आले.

मागण्याची दोन अंगे

महडचा वरदविनायक गृत्समद ऋषींनी स्थापिला, अशी श्रद्धा आहे. ऋग्वेदाचे दुसरे मंडल हे गृत्समदांच्या कुळाचे. गणपतीच्या पूजेत आपण सर्वप्रथम जो वैदिक मंत्र म्हणतो, तो याच मंडलातील. तथापि याच मंडलात, अठ्ठाविसाव्या सूक्तात, वरुणाला केलेली एक प्रार्थना आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. या सूक्ताचा ऋषी गृत्समद अथवा त्यांचा वंशज कूर्म, असे परंपरा मानते. ऋषी तेथे वरुणराजाकडे ऋणातून सुटका मागतो आणि लगेच पुढे म्हणतो की, दुसऱ्याने मिळविलेल्यावर माझे जगणे चालू नये.

ही मागण्याची दोन अंगे आहेत. पहिले आपण सारेच मागतो. ऋण फिटू दे, संकट टळू दे, असे म्हणून नारळ फोडतो. दुसरे अंग मात्र आपण सोडून देतो. दुसऱ्याच्या कष्टावर आपला दिमाख उभा राहू नये, हे देवाने करावयाचे काम नव्हे. ते आपण पाळावयाचे व्रत आहे. ऋषीने ही दोन्ही मागणी एकत्र मागितली, यातच ऋणमोचनाचे सारे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

महाभारतातील यक्षप्रश्न वाचकांस ठाऊक आहेच. सुखी कोण, या प्रश्नाला युधिष्ठिराने जे उत्तर दिले, त्यात राजवाडा नाही की रथ नाही. आपल्याच घरी, उशिरा का होईना, साधी भाजी शिजवून खाणारा आणि कोणाचे देणे नसणारा मनुष्य त्याने सुखी ठरविला. वनवासात सर्वस्व गमावलेला राजा हे सांगतो आहे, आणि तेही द्यूताच्या अनुभवानंतर, हे ध्यानात घ्यावे.

एका पैचा शोध

आमचे दुसरे दैवत म्हणजे पैठणचे नाथमहाराज. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एकदा ताळा जमेना. एका पैची चूक राहत होती. नाथ रात्रभर समईच्या उजेडात वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. मग संसाराच्या हिशेबातील चूक सापडली तर केवढा होईल! ही कथा आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली. पण एका पैसाठी रात्र जागविणाऱ्या नाथांची गोष्ट सांगून घरी यायचे आणि आपल्या घरात कोणाचे किती देणे आहे हे मात्र ठाऊक नसायचे, अशी आमची स्थिती होती.

कोठीतील धान्य

आमच्या या मुलखाने कर्जाचे दुःख फार पाहिले आहे. भात कापणीनंतर घरात येते, चैत्र-वैशाखात कणगी तळ गाठते आणि आषाढ-श्रावणात लावणीच्या कष्टांच्या वेळी घरात दाणा नसतो. तेव्हा पोटासाठी काढलेले धान्य म्हणजे खावटी. ती घेताना मण आणि फेडताना दीडपट-दुप्पट, अशी सावकारी रीत होती. नव्या पिकाचा मोठा हिस्सा जुने देणे फेडण्यातच जाई आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सावकाराचे दार धरावे लागे.

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात हुतात्मा भाई कोतवाल, यांना आपण स्वातंत्र्यवीर म्हणून ओळखतो. १९१२ साली जन्मलेले हे वकील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह धारातीर्थी पडले. परंतु त्याआधी त्यांनी कर्जतच्या खेड्यापाड्यांत शाळा काढल्या आणि शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या उघडल्या, हेही तितकेच स्मरणीय आहे. कोठीचे मर्म साधे आहे. सुगीत थोडे बाजूला काढावे, ते सर्वांचे म्हणून राखावे, आणि अडचणीच्या महिन्यांत त्यातूनच घ्यावे. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही ठाकूर-कातकरी वस्त्यांत धान्यबँका चालविल्या. कोठी आणि शाळा या दोन गोष्टी भाईंनी बरोबरीने हाती घेतल्या, हे आम्हांस विशेष वाटते. ज्याला आपला हिशेब वाचता येत नाही, त्याचे ऋण कधी फिटत नाही. पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे दुःख नेमके हेच आहे. वही दुसऱ्याच्या हातात असते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. पण वही वाचणारे डोळे केवळ कायद्याने मिळत नाहीत.

आमच्या घरची वही

आम्हांस तर वही वाचता येत होती. आम्ही ती उघडतच नव्हतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत घराची मागील भिंत गेली. ती उभारण्यास कर्ज झाले. पुढे कन्येचा विवाह आला, आणि बुवांच्या घरचे कार्य म्हणून हात सैल सुटला. २००८ साली अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जित करून आलो, तो दारात सावकाराचा माणूस उभा. त्या रात्री सौभाग्यवतींनी कोरी वही पुढे ठेवली, वर 'श्री' लिहिले आणि म्हणाल्या, "महाभारत लिहिताना गणपतीने लेखणी थांबविली नाही म्हणता. मग आज आपणही थांबू नका. सगळे लिहा."

लिहिले. पतपेढीचे १,५०,००० रुपये, दरसाल शेकडा १५ व्याजाने. सावकाराचे ८०,०००, दरमहा शेकडा ३ ने. मेहुण्यांचे बिनव्याजी ७०,०००. किराणा व बांधकाम साहित्याच्या दुकानांचे ४२,०००. एकूण ३,४२,०००. शाळेतील संस्कृत अध्यापनाचे वेतन व कीर्तनाची बिदागी मिळून महिन्यास सरासरी १७,००० येत. घरखर्च १३,००० आणि नुसते व्याज ४,२७५. म्हणजे दर महिन्यास २७५ रुपयांची नवी खोट येत होती आणि मुद्दलास हातही लागत नव्हता. तीन वर्षे आम्ही ज्याला 'कर्ज फेडणे' म्हणत होतो, ते फेडणे नव्हतेच.

सौभाग्यवतींनी पाटल्या काढून दिल्या. आमचा अभिमान आड आला, हे कबूल केले पाहिजे. त्या एवढेच म्हणाल्या, "सोने पेटीत पडून राहणार आणि व्याज रोज वाढणार. कोणते जड?" त्यांतून आलेले ३०,००० प्रथम सावकारास दिले. मग खर्चास कात्री लावली. उधारीचा किराणा रोखीवर आणल्याने ९०० वाचले. आहेर-मानपान थांबविल्याने १,२००. उत्सव-समारंभांचा डामडौल सोडल्याने १,२००. बाहेरचे खाणे, रिक्षा व किरकोळ खर्च मिळून ७००. घरखर्च ९,००० वर आला आणि ८,००० हाती उरू लागले.

त्यांतील ५,००० सावकारास आणि ३,००० पतपेढीस. बारा महिने असे गेले. तेराव्या महिन्यात उरलेली किरकोळ रक्कम देऊन सावकाराची चिठ्ठी आम्ही परत घेतली. मग ६,००० पतपेढीस व २,००० दुकानदारांस. दुकानदार फिटले तेव्हा पूर्ण ८,००० पतपेढीस. सर्वांत शेवटी मेहुण्यांचे ७०,०००. ज्याने व्याज मागितले नाही त्याचेच आम्ही अखेरीस फेडले, ही गोष्ट आजही मनास टोचते. हिशेबाने ते योग्य होते; पण हिशेब आणि धर्म एक नव्हेत. म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांच्या घरी जाऊन वही त्यांच्यापुढे ठेवली आणि थांबण्याची अनुमती मागितली. त्यांनी वही वाचली आणि म्हणाले, "भावोजी, पैशापेक्षा हे दाखवलेत, ते मोठे." २०१२ च्या गणेशोत्सवापूर्वी शेवटचा हप्ता त्यांच्या हाती दिला.

उत्सव आणि उधारी

आता जे सांगावयाचे, ते उत्सवाच्या दिवसांत काहींना रुचणार नाही. त्या चार वर्षांत आमच्या घरचा गणपती लहान शाडूचा झाला, रोषणाई गेली, आणि नैवेद्यास नेमके एकवीस मोदक झाले. आमच्या वृद्ध मातोश्री व्याकुळ झाल्या. "देवाच्या कामात हात आखडता घेता? लोक काय म्हणतील?" सौभाग्यवतींनी त्यांचे पाय चेपीत उत्तर दिले, "आई, पूजेत काही कमी केले नाही. कमी केले आहे ते लोकांना दाखवायचे." मातोश्री गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी दूर्वा निवडताना त्याच म्हणाल्या, की आपल्या लहानपणी रोषणाई नव्हतीच, समई होती.

देव दूर्वांनी प्रसन्न होतो असे आपण म्हणतो. मग उधारीच्या मखराची अपेक्षा कोणाची असते? ऋण काढून केलेला उत्सव हा दुसऱ्याने मिळविलेल्यावर केलेला उत्सव आहे. गृत्समदांच्या मागण्याचे दुसरे अंग तेथेच मोडते.

मात्र काटकसर कोणाच्या जिवावर करावयाची, याचेही भान हवे. पावसाळ्यात आमच्या बाजारात ठाकूर-कातकरी भगिनी टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. हिवाळ्यात वाल येतो. त्या दिवसांत आमचे ताट बहुधा रानभाजी, वालाचे बिरडे आणि भात एवढेच असे. परंतु त्या भगिनींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावयाची नाही आणि मोलकरणीचे वेतन एक दिवसही थकवावयाचे नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. काटकसर आपल्या ताटात करावी, दुसऱ्याच्या पोटात नव्हे.

आज कर्ज पूर्वीपेक्षा सहज मिळते. मोबाईलवर बोट ठेवताच पैसे येतात. वस्तू आधी घरी येते आणि हप्ते मागाहून. रस्त्याकडेची जमीन विकून आलेला पैसा वाहनांत व लग्नांत गेला आणि पुन्हा कर्ज झाले, अशी घरेही आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. फक्त एवढे सांगतो: व्याज किती, कशावर आणि केव्हापर्यंत, हे सही करण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. आपल्या धर्मशास्त्रानेही व्याजास मर्यादा घातली होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे, हाच दामदुपटीचा नियम, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. कोणी असा छळ करीत असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे जावे. लाजेने जीव टांगणीस लावू नये. कर्ज हे पाप नव्हे. लपविलेले कर्ज मात्र माणसास आतून पोखरते.

मंडळी उठून गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या त्या गृहस्थास आम्ही हल्ली असे सांगतो: स्तोत्राचे रोज एक आवर्तन पुरे. ते झाल्यावर देवासमोरच वही उघडा. पत्नी, मुले, वडीलधारी यांना जवळ बसवा, आणि सर्वांत जड व्याजाचे देणे प्रथम लिहा. महिन्यास पाचशेच देता आले तर पाचशे द्या, पण चुकवू नका. महडचा नंदादीप एवढी वर्षे तेवतो आहे, तो कोणी एकदाच घागरभर तेल ओतले म्हणून नव्हे. रोज कोणी तरी आठवणीने थोडे तेल घालतो म्हणून.

ती जुनी वही आजही आमच्या देवघरात आहे. चतुर्थीस मूर्तीशेजारी तिलाही हळदकुंकू लागते.

॥ श्रीवरदविनायकार्पणमस्तु ॥