माईकवरचा पैलवान

डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठ्या झालेल्यांना 'स्पॅनिश टेबल' वेगळं सांगायला नको. रिंगच्या बाजूला इंग्रजी निवेदकांचं एक टेबल आणि स्पॅनिश निवेदकांचं दुसरं. मारामारी रिंगबाहेर आली की बहुतेक वेळा तुटायचं ते हे दुसरंच. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या छतावरून फेकलं, तो सुमारे १६ फुटांवरून याच टेबलावर आदळला. ती क्लिप आजही फिरते. टेबल कुणाचं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्या टेबलामागचा एक ओळखीचा आवाज म्हणजे ह्यूगो साविनोविच. मूळ इक्वेडोरच्या ग्वायाकिलचे. प्वेर्तो रिकोत स्वतः रिंगमध्ये उतरलेले. १९९४ पासून २०११ पर्यंत त्यांनी या कंपनीसाठी स्पॅनिशमधून निवेदन केलं. जोडीला कोलंबियाचे कार्लोस काब्रेरा. टेबल तुटायचं, पण यांचं बोलणं थांबायचं नाही. कंपनीसाठी ते दुसरं टेबल असेल, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या प्रेक्षकासाठी तेच पहिलं होतं. पुढे साविनोविच मेक्सिकोतल्या 'एएए'च्या कुस्त्यांचंही निवेदन करू लागले. म्हणजे नोकरी बदलली, पण आवाज आणि भाषा हेच भांडवल राहिलं.

आता हे नांदेड-लातूरच्या पोरापोरींनी का वाचायचं? कारण असं काम आपल्याकडेही आहे, आणि आपल्या फडात मराठीचं टेबल दुसरं नसतं. तिथं एकच माईक असतो आणि तो मराठीच बोलतो.

फडाचा सूत्रधार

माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या किंवा लातूरची सिद्धेश्वर यात्रा. हलगी कडाडते, पैलवान शड्डू ठोकतात आणि लाऊडस्पीकरवरून एक आवाज सगळा फड हातात घेतो. तो कुस्ती निवेदक. पश्चिम महाराष्ट्रात कोथळीच्या शंकर पुजारींचं नाव कुस्तीशौकिनांच्या तोंडी आहे ते याच कामामुळे. ते ना गदा घेतात ना लंगोट कसतात, तरी फडात त्यांची वाट बघितली जाते.

बाहेरून वाटतं, यात काय एवढं? माईक धरायचा आणि ओरडायचं. जरा जवळून बघा. निवेदकाला एकाच वेळी चार कामं करावी लागतात. जोड कुणाची, गाव कोणतं, तालीम कोणती, वस्ताद कोण, हे बिनचूक सांगायचं. इनाम कुणी लावलं त्याचा पुकारा करायचा. डाव पडला की तो लोकांना कळेल असा सांगायचा. आणि कुस्ती रेंगाळली, लोक उठायला लागले किंवा निकालावरून आवाज चढले, तर फड शांत ठेवायचा. शेवटचं काम सगळ्यात अवघड. एका गावाची बाजू घेतल्यासारखा एक शब्द गेला, तरी रंगाचा बेरंग होतो.

डाव तर क्षणात होतो. एकेरी पट की दुहेरी, धोबीपछाड की ढाक, हे डोळ्याला दिसेपर्यंत तोंडातून यावं लागतं. मातीत चितपट झाला की विषय संपला. मॅटवर हिशोब वेगळा. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, खाली आणलं की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं की एक, दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबते. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत तर माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात. निवेदकाला दोन्ही भाषा याव्या लागतात.

नावामागची साखळी

पण निवेदकाची खरी कमाई वेगळीच. ती म्हणजे आठवण.

समजा राहुल आवारे आखाड्यात आला. 'पाटोद्याचा राहुल' एवढंच सांगून भागत नाही. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकणारा, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य आणणारा. तो तयार झाला हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली. काका पवार लातूर जिल्ह्यातले, अर्जुन पुरस्कारविजेते. आणि मामा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ मध्ये लातूरच्याच मैदानात महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेऊन आले.

निवेदक हे सगळं अर्ध्या मिनिटात सांगतो आणि मैदानात बसलेल्या पोराला कळतं की एडिनबरोची वाट आपल्या निलंग्यातून गेली होती. बऱ्याच गावांत कुस्तीचा इतिहास कुठं लिहून ठेवलेला नाही. तो माईकवरून सांगितला जातो आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात राहतो. म्हणून निवेदक गेला की आवाजासोबत एक दप्तरही जातं.

करिअर म्हणावं का?

खरं सांगायचं तर, फक्त फडावर घर चालवणं अवघड आहे. यात्रा-जत्रांचा हंगाम असतो, पावसाळ्यात मैदानं थंड. मानधन बरंचसं यात्रा कमिटीच्या ऐपतीवर. महिना झाला की पगार, असला प्रकार नाही.

पण मराठी निवेदनाचं मैदान आता फडापुरतं राहिलेलं नाही. क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीतून करून बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर ही वाट खूप आधी पाडली. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमानं १२ भाषांत निवेदन दिलं, त्यात मराठी होती. केदार जाधव त्याच मराठी टीममध्ये बोलत होता आणि हंगामाच्या मध्येच बेंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला बोलावलं! मोठ्या कंपन्यांना कळलंय की लोकांना खेळ आपल्या भाषेत ऐकायचाय.

इथं आपल्यातल्या बऱ्याच जणांची अडचण येते. 'काय करलालास?' म्हटलं की पुण्यातला रूममेट हसतो, आणि आपण पुढच्या वाक्यापासून जपून बोलायला लागतो. जपून बोलणाऱ्याला निवेदन जमत नाही. कुस्ती तीन सेकंदांत पलटते, तेव्हा तोंडातून जी भाषा आपोआप येते तीच खरी. याचा अर्थ अभ्यास नको असा नाही. स्टुडिओत बसायचं तर प्रमाण भाषाही पक्की हवी. पण आपली बोली टाकून नव्हे, तिच्यावर एक मजला चढवून.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. मोबाइलवर कुठलीही कुस्ती लावा, आवाज बंद करा आणि तीन मिनिटं न थांबता बोला. रेकॉर्ड करून ऐका. 'आणि आता', 'बघा मित्रांनो' किती वेळा आलं ते मोजा. मग तालुक्यातल्या तालमीत जाऊन वस्तादांकडून डावांची नावं शिका. जुन्या पैलवानांकडे बसा आणि कोण कुणाचा पठ्ठ्या, हे वहीत लिहून घ्या. विद्यापीठाच्या क्रीडा स्पर्धा असतातच, तिथं माईक मागून बघा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

मुलींनी तर नक्कीच विचारा. मुलींच्या कुस्त्या आता लागतात, पण त्यांच्याबद्दल बोलणारा मुलीचा आवाज माईकवर फारसा ऐकू येत नाही. जागा रिकामी आहे.

पुढच्या यात्रेत कुस्ती बघायला गेलात, तर एकदा आखाड्यावरची नजर काढून माईक धरणाऱ्याकडे बघा. समोर कागद फारसा नसतो. पंचक्रोशीतले पैलवान, त्यांचे वस्ताद, त्यांची गावं, सगळं डोक्यात. तो अंग मळवत नाही, पण त्याचाही घाम निघतोच.