भाटघरचा गवताळ काठ

वेळवंडी नदी अडवून १९२८ साली उभ्या राहिलेल्या, मुंबई इलाख्याच्या माजी गव्हर्नरांच्या नावे प्रथम लॉईड धरण म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आज येसाजी कंक जलाशय हे नाव धारण करणाऱ्या भाटघरचे पाणी उन्हाळ्यात जसजसे ओसरते, तसतसा भोर तालुक्यातील त्याचा विस्तीर्ण काठ उघडा पडतो. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद गाळपेर म्हणून होते, ओलसर भुईवर गवत उगवते, आणि वेळवंडजवळ एरवी जलमग्न असणारे कांबरेश्वराचे मंदिर दृष्टीस पडते. या काठाला अभयारण्याचा दर्जा नाही. जिल्ह्यात तो मान १९९७ मध्ये चिंकारांसाठी घोषित झालेल्या सुप्याच्या मयूरेश्वरच्या माळाला लाभला आहे. म्हणूनच येथे पाहुण्याचा विवेक हाच पहारेकरी. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्येच, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी घालते, आणि ती दोन पावलांवरूनही सहसा ओळखू येत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करू लागली, तर आल्या वाटेने मागे फिरावे. पुणे-सातारा रस्त्यावरून कापूरहोळला भोरकडे वळले की भाटघर लागते. वाहन डांबरी रस्त्यावरच ठेवून सकाळच्या प्रहरी पायी उतरावे, ही कळकळीची विनंती.