डेबियन : संचांचे अद्ययावतीकरण

डेबियन ही इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली मुक्तस्रोत परिचालन प्रणाली असून ती सर्व्हरसाठीही वापरतात. तिच्यातील आज्ञावल्या संचरूपाने पुरविल्या जातात. स्थिर आवृत्तीतील संचात सुरक्षाविषयक दोष आढळल्यास सामान्यतः नवी आवृत्ती न देता केवळ दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवितात. त्यामुळे चालू कामकाजात बिघाड होण्याचा संभव कमी होतो. उदा., एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या संचात ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील परवलीचे शब्दही परक्यांच्या हाती पडू शकत. डेबियनने १.०.१ई हा मूळ क्रमांक कायम ठेवून तो दूर केला. म्हणून संच सुरक्षित आहे किंवा नाही, हे पुढील दुरुस्ती-क्रमांकावरून ठरवावे लागते. दुरुस्तीनंतर संबंधित सेवा पुन्हा सुरू न केल्यास स्मृतीतील सदोष आज्ञावलीच कार्यरत राहते.